स्टॉकहोमची नटी आणि सांगलीच्या सासूबाई

मी एका राजपुत्राची ठेवलेली बाई होते. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये, चर्चच्या सभागृहात, आणि तेही सख्ख्या सासूबाई समोर बसलेल्या असताना. असं सांगितलं की लोक हातातला चहा खाली ठेवतात, म्हणून पहिल्यापासूनच सांगते.

मार्क जाऊन युरो आला त्या सुमाराची गोष्ट. नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, आणि मी त्याच्या व्हिसाला लटकून आलेली बायको. कॉलेजात मी एकांकिका गाजवल्या होत्या. शेवटच्या रांगेतल्या पोरांना शिट्टी मारायची सोय ठेवत नसे, असा माझा आवाज. इथे आल्यावर तो बेकरीत "हे दोन, ते चार" म्हणण्यापुरता उरला. डॉक्टरकडे, बँकेत, परदेशी लोकांच्या कचेरीत नवरा बोलायचा आणि मी शेजारी उभी राहून मान हलवायची. मला मान हलवायचा भयंकर राग येतो. चार वर्षं हलवली.

शेवटी भाषा सुधारायची म्हणून मी फोल्क्सहोखशूलेत नाव घातलं, म्हणजे गावाने मोठ्या माणसांसाठी चालवलेल्या शाळेत. व्याकरणाच्या वर्गाला लागून असलेल्या खोलीत हौशी नाटकवाल्यांची तालीम चालायची. भिंतीपलीकडून कुणीतरी किंचाळायचं, कुणीतरी मरायचं, आणि मी इकडे विभक्ती पाठ करत बसलेली. तिसऱ्याच आठवड्यात मी दप्तर उचललं आणि पलीकडे जाऊन बसले. कुणी हाकललं नाही. उलट केक दिला.

आमची दिग्दर्शिका निवृत्त इतिहासशिक्षिका होती. उंच, लाल काड्यांचा चष्मा, प्रत्येक वाक्याआधी "आल्झो", म्हणजे आपलं "तर मग". ती सुट्टीत स्वीडनला गेली होती, तिथे तिने एका नटीचं चित्र पाहिलं आणि परत येऊन नाटकच लिहून काढलं. नटी एकोणिसाव्या शतकातली. साध्या घरातली पोर, लहानपणीच नाट्यशाळेत घातलेली. पुढे स्टॉकहोमच्या राजेशाही रंगभूमीवर नाव काढलं, आणि युवराजाचा तिच्यावर जीव जडला. युवराज लग्न झालेला. बायको आमच्या बव्हेरियाच्या राजाची नात. नटीला त्याच्यापासून दोन मुलगे झाले, त्यांना लोक थट्टेने लॅपलँडचे राजपुत्र म्हणायचे. मग नटीची तब्येत ढासळली, रंगभूमी सुटली आणि पस्तिशी गाठायच्या आत ती बिचारी इटलीत वारली.

हे काम तिने मला दिलं. मी विचारलं, मलाच का? "आल्झो, तू दरबारात परकी वाटशील," ती म्हणाली. म्हणजे माझ्या उच्चारांमुळे. एरवी मी तिथल्या तिथे भांडले असते. पण मुख्य काम होतं हो! मी राग गिळला आणि वर केकचा दुसरा तुकडा घेतला.

युवराजाचं काम करणारा गृहस्थ कर खात्यात कारकून होता. टक्कल, गोड स्वभाव, आणि आपण गातोही असा त्याचा गैरसमज. त्याच्या बायकोचं, म्हणजे राजघराण्यातल्या सुनेचं काम औषधांच्या दुकानात काम करणारी एक बाई करायची. तिचं जर्मन लखलखीत, पाठांतर असं की स्वतःची वाक्यं तर येतच, माझीही येत. मी अडखळले की ती लगेच ओठ हलवून पुढचं वाक्य दाखवायची. मला खात्री होती, ही माझ्या कामावर टपून बसलीय.

अशात सासूबाई आल्या. तीन महिन्यांसाठी, लोणच्याच्या बरण्या आणि मेतकूट घेऊन.

आमच्या सासूबाई सांगलीच्या. नाटक तिथल्या पाण्यातच आहे. त्यांनी स्वतः तोंडाला रंग कधी लावला नाही, पण नाटकं पाहिली ती पोटभर. लग्नाआधी वडिलांबरोबर, लग्नानंतर सासऱ्यांशी भांडून. आणि कौतुकाच्या बाबतीत अशा चिक्कू की माझ्या आमटीला "बरी आहे" म्हणाल्या तर नवरा मला स्वयंपाकघरात येऊन हळूच टाळी द्यायचा.

नवऱ्याला घाम फुटला होता. "आईला सांगू नकोस हं, ती बाई कोण आहे ते."

"मग काय सांगू? धोबीण?"

"मी सांगितलंय, तू स्वीडनच्या राणीचं काम करतेयस म्हणून."

झालं! सासूबाईंनी फोनकार्ड संपेपर्यंत सांगली, मिरज, इचलकरंजी सगळीकडे कळवलं. इथल्या मराठी मंडळातल्या चार घरांनाही आमंत्रण गेलं. सून राणी होणार, या आणि बघा.

नवऱ्याच्या कारखान्यात पाळ्या असत, घरात एकट्या कशाला बसायच्या म्हणून सासूबाई माझ्याबरोबर तालमीला येऊ लागल्या. मागच्या खुर्चीवर बसून वाती वळायच्या. कारकुनाने कुतूहलाने विचारलं, हे काय, कानात घालायचे बोळे का? त्याच्या गाण्याआधी विचारलं म्हणून आम्हाला फारच हसू आलं. पहिल्या दिवशी त्यांनी सगळं नीट पाहिलं. त्यांना जर्मनचा एक शब्द येत नव्हता, पण डोक्यावर मुकुट कुणाच्या आहे हे बघायला भाषा कशाला लागते?

बसमध्ये त्यांनी विचारलं, "राणी ती मुकुटवाली. मग तू कोण गं?"

खोटं बोलणं मला जमत नाही; नवऱ्याने बोललेलं निभावणं तर त्याहून नाही. "अहो आई, मी ती दुसरी."

"दुसरी बायको?"

"बायको नाही. नुसतीच दुसरी."

सासूबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. डॅन्यूबवरचा पूल गेला, दोन थांबे गेले. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते, माझे कान तापले होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मग तर मुख्य काम तुझंच की! राणीला काय, नुसतं बसायचं." आणि पिशवीतून काढून मला एक बडीशेपेची गोळी दिली. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, तुझ्या आईला तू ओळखलेलंच नाहीस. तो सोफ्यावर आडवाच पडला.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. दोन-तीन तालमी बघितल्यावर सासूबाईंनी कणीक मळता मळता मला अडवलं.

"मला एक सांग. तुझी ती बाई रडते. वाट बघते. त्याने दिलेली अंगठी परत करते, परत रडते. काम कधी करते?"

"कसलं काम?"

"कसलं म्हणजे? नाटकातलं! नटी होती ना ती? कसं बोलायची, कसं उभी राहायची, लोक का यायचे बघायला, त्यातलं काही दाखवणार आहात की नाही? का राजपुत्राची गाठ पडली आणि बाईचं नाटक सुटलं?"

"नाही हो, ती बरीच वर्षं काम करत होती."

"मग मेलं ते कुठंय?"

मी संहिता काढली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितली. नव्हतं कुठेच. नटीच्या आयुष्यावरचं नाटक, आणि त्यात ती एकदाही रंगमंचावर पाऊल ठेवत नव्हती! शयनगृह, बाग, शयनगृह, आजारपण. इतके दिवस मी ते घोकत होते आणि मला पत्ता नाही. मग मात्र माझं डोकं फिरलं. ही बाई मेली त्याला दीडशे वर्षं होऊन गेली, अजून आम्ही तिला कुणाची तरी कोण म्हणूनच ओळखणार. मला ते आतून लागलं. मीही या गावात कुणाची तरी कोण म्हणूनच वावरत होते, आणि एवढी एक खोली होती जिथे तसं नव्हतं.

पुढच्या तालमीला मी दारातच सुरुवात केली. माझं जर्मन रागात फार सुधारतं, व्याकरण कोलमडतं पण शब्द सापडतात. म्हटलं, हिला एकदा तरी अभिनय करू द्या. एक प्रवेश घाला. भरलेलं नाट्यगृह, ती रंगमंचावर, जुन्या शोकांतिकेतल्या राणीचं काम करतेय.

दिग्दर्शिकेने चष्मा काढला. "आल्झो. हे प्रेमाचं नाटक आहे."

"तिचं प्रेम नाटकावरही असेल!"

"मी यावर दोन हिवाळे काम केलंय." तिचा आवाज थंड झाला. "तुला हे काम असं करायचं नसेल, तर ही वाक्यं पाठ असलेली दुसरी व्यक्ती आपल्याकडे आहे."

सगळ्यांनी औषधांच्या दुकानातल्या बाईकडे पाहिलं. तोंड बंद ठेवलं असतं तर काम हातात होतं. प्रयोग तीन आठवड्यांवर, मंडळाची चार घरं येणार, सांगलीला कळवून झालेलं. आणि हे काम गेलं तर मी परत त्या पलीकडच्या खोलीत, विभक्तीत. सासूबाई मागे वाती वळत होत्या; त्यांना शब्द कळले नव्हते, पण हात थांबला होता.

"मी हो म्हणणार नाही," मी म्हटलं. "पण तो प्रवेश नसेल तर ही नटी नाहीच. कुणीही करा."

आपल्याकडे अशा वेळी दोघी रुसतात, एक दार आपटून जाते आणि मधला कुणीतरी आठवडाभर निरोप नेतो. इथे तसं नसतं. इथे खुर्च्या गोल मांडल्या. त्या दिवशी प्लमचा केक होता, तो कापला. मग प्रत्येकाने क्रमाने आपलं मत सांगितलं, मध्ये कुणी बोलायचं नाही, आणि शेवटी हात वर करून मतदान! माझा जीव टांगणीला आणि ही माणसं शांतपणे क्रीम वाढून घेतायत. मला एकेकाला धरून हलवावंसं वाटत होतं.

पहिला हात कुणाचा वर गेला असेल? औषधांच्या दुकानातल्या बाईचा. "मला तिची सगळी वाक्यं पाठ आहेत," ती म्हणाली, "म्हणून मला माहीत आहे की काहीतरी राहिलंय." माझी मलाच लाज वाटली, मी तिला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं. मग कारकुनाने हात वर केला. त्या प्रवेशात त्याला नुसतं प्रेक्षक म्हणून बसायला मिळणार होतं, आणि त्याचा गुडघा दुखत होता. मग बाकीच्यांनी.

दिग्दर्शिकेने हार मानली, पण पुरती नाही. तिने शोकांतिकेतल्या त्या राणीचं छोटंसं भाषण लिहून आणलं, आणि अट घातली. रंगमंचाच्या उजवीकडे राजपुत्राचा सज्जा, लाल पडदा लावलेला. मी ते सगळं भाषण त्याच्याकडे बघत करायचं. "लोकांना दिसलं पाहिजे, ती कुणासाठी अभिनय करतेय." मी हो म्हटलं. एवढं मिळालं तेच खूप होतं, आणि ताणलं तर तुटेल हे मलाही कळतं, रोज नसलं तरी.

प्रयोग रविवारी दुपारचा. सासूबाईंना रंगमंचावर नारळ फोडायचा होता. सभागृह सांभाळणाऱ्या माणसाने नुकतंच लाकडाला मेण लावलेलं. तो दोन्ही हात पसरून आडवा आला. शेवटी बाहेरच्या पायरीवर फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे केकच्या ताटलीत ठेवले. आत येऊन मी रंगमंचाला हात लावून नमस्कार केला, तर माझ्यामागे युवराजही वाकला, विगसकट. गुडघ्याला हात लावत म्हणाला, नुकसान तर काही नाही. त्याचं बघून त्याची राणीही वाकली. मला दोघांनाही मिठी मारावीशी वाटली, आणि मारलीच.

नाटक चांगलं चाललं होतं. गावातले लोक अर्थातच राणीच्या बाजूचे. आपल्याकडची लेक ती! ती आली की खुर्च्या सरसावायच्या. माझ्याकडे मात्र जरा संशयानेच बघत होते. मंडळातल्या बायकाही सासूबाईंकडे तिरक्या नजरेने बघत असणार, कारण राणी कोण हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. नवरा भिंतीला टेकून उभा होता, चेहरा कागदासारखा.

मग तो प्रवेश आला. मी सज्ज्याकडे वळले. शोकांतिकेतली राणी, तिला शिक्षा झालीय, आणि ती सांगते, मुकुट न्या, हात बांधा, दार लावून घ्या, पण मी बोलायची थांबणार नाही. ठरवल्याप्रमाणे सगळं त्या लाल पडद्याला सांगितलं. आवाज ठीक लागला, एकही चूक नाही. संपवलं. सभागृह शांत. जर्मन माणसं मध्येच टाळ्या वाजवत नाहीत, नाटक संपेपर्यंत हात मांडीवर. राजपुत्र पुढच्या वाक्यासाठी सज्ज्यात उठून उभा राहिला.

आणि खालून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

सासूबाई! आमच्याकडे संगीत नाटकात पद रंगलं की प्रेक्षक असं ओरडतात, आणि नट ते परत गातो. गाणंच नाही, कधी कधी भाषणही. नाही म्हणणं म्हणजे माज. सांगलीत हे जगातलं सर्वात साधं काम. पण इथे शंभर माना एकदम मागे वळल्या. कुणाला वाटलं, बाईंना चक्कर आली. सभागृहाचा माणूस पाण्याचा पेला घेऊन धावला. "वन्स मोअर!" सासूबाईंनी पेला बाजूला सारून पुन्हा हाळी दिली, आणि मंडळातल्या दोघीतिघींना इतक्या वर्षांनी तो शब्द ऐकून राहवलं नाही, त्याही ओरडल्या.

विंगेत दिग्दर्शिका दोन्ही हातांनी खुणा करत होती, पुढे चल, पुढे चल. राजपुत्र बसला, उठला, परत बसला. मी मध्ये उभी. काय करू? मला खरंच भीती वाटली. आणि मग भीती गेली, कशी कुणास ठाऊक. मी सज्ज्याकडे पाठ केली, चालत पार पुढे आले, आणि पुन्हा सुरू केलं. मुकुट न्या. हात बांधा. आता समोर माणसं होती, त्यांचे डोळे होते. माझा जुना आवाज आला, कॉलेजातला, मागच्या भिंतीला जाऊन लागणारा. उच्चार कसे झाले, देव जाणे. शेवटचं वाक्य म्हटलं, आणि त्या हात मांडीवर ठेवणाऱ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मध्येच! राणीच्या बाजूच्यांनीसुद्धा.

त्यानंतर मी इटलीत जाऊन मेले, ते फार सोपं गेलं.

पडदा पडल्यावर दिग्दर्शिका आली. चष्म्याआडून माझ्याकडे बघत राहिली. "आल्झो," ती म्हणाली, आणि चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी एकदाच कर. पण दुसऱ्यांदा केलंस तसं." मी तिचे दोन्ही हात धरले. तिचे हात बर्फासारखे गार पडले होते.

कोट टांगायच्या खोलीत सासूबाई शाल शोधत होत्या. मंडळातल्या बायका घोळक्याने माझं कौतुक करत होत्या, नवरा भेटेल त्याचा हात हलवत होता. माझं लक्ष फक्त एकीकडे. विग अर्धवट काढलेला, केस पिंजारलेले, तशीच गेले.

"अहो आई, आवडलं ना? तुम्ही वन्स मोअर दिलात!"

"आवडलं म्हणून नव्हे गं." त्यांनी शाल झटकली. "तोंड तिकडे करून त्या पडद्याशी काय बोलत होतीस, आम्हाला काही पोचलंच नाही. म्हटलं, पोरगी इतकं भांडून काम मिळवते आणि वाया घालवते. परत मागितलं."

मग धीर करून विचारलं, "आणि परत केलं ते?"

सासूबाईंनी शाल खांद्यावर घेतली, टोकं सारखी केली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तेव्हा मला कळलं," त्या म्हणाल्या, "तो राजपुत्र एवढं घरदार विसरून हिच्या मागे का लागला ते."

मी तिथेच, परक्यांच्या ओल्या कोटांमध्ये उभी राहून ढसाढसा रडले, आणि त्या रडण्यात मला इतका आनंद होता की नवरा घाबरून पाण्याचा पेला घेऊन आला.